राग स्वतःचे नियम स्वतःच गातो तेव्हा: लक्षणगीतांची गोष्ट

हेडफोन लावले आहेत ना? लावा, कारण आज बोलण्याआधी पाच स्वर ऐकायचे आहेत.

[इथं पेटीवर सा रे ग प ध सां वाजवलं आहे. वाचणाऱ्यांनी फोनवरचं कुठलंही कीबोर्ड अ‍ॅप उघडावं, तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली काळी, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन, तिला सा मानावं आणि पुढे फक्त काळ्या पट्ट्या वाजवत जावं. पांढरीला हात लावायचा नाही.]

झालं? आता सांगा, हा कुठला राग?

ज्यांनी थोडं गाणं शिकलंय ते लगेच म्हणतील, भूप. गीतरामायणाचं पहिलं गाणं याच रागातलं, त्यामुळे मराठी कानाला तो घरचा वाटतो. पण जरा थांबा. याच पाच स्वरांचा आणखी एक राग आहे, देसकार. मध्यम त्यालाही नाही, निषाद त्यालाही नाही. एकही स्वर जास्त नाही, एकही कमी नाही. तरी भूप रात्रीचा राग आणि देसकार सकाळचा. गंमत बघा, आपल्याकडे 'भूपाळी' म्हटलं की पहाटेचं देवाचं गाणं आठवतं, आणि राग भूप मात्र दिवेलागणीनंतरचा.

मग स्वर तेच असताना दोन राग वेगळे कसे? आणि ते वेगळे आहेत हे नवशिक्याला सांगायचं कसं? दुसऱ्या प्रश्नाचं एक फार हुशार उत्तर आपल्या संगीतात आहे, त्याचं नाव लक्षणगीत. आजचा भाग त्याच्याबद्दल.

ज्यांनी गाण्याच्या परीक्षा दिल्यात त्यांच्या कपाळावर आठी आली असेल. लक्षणगीत म्हणजे प्रवेशिकेच्या वेळी घोकायचं ते, असाच बहुतेकांचा अनुभव. परीक्षक विचारतात, आपण धडाधड म्हणून टाकतो, मार्क मिळतात आणि त्यानंतर जन्मात कोणी मैफलीत लक्षणगीत गात नाही. पण ही चार ओळींची गरीब बिचारी वाटणारी चीज जेव्हा छापून घरोघरी जायला लागली, तेव्हा तिनं एक मोठं भांडण उकरून काढलं होतं. राग नक्की कोणाचा? गाणाऱ्याच्या घराण्याचा, की ज्याला शिकायचाय त्या प्रत्येकाचा?

म्हणजे नक्की काय असतं?

लक्षणगीत ही एक बंदिशच. स्थायी असते, अंतरा असतो, त्रितालात किंवा झपतालात बांधलेली असते. फरक शब्दांचा. इतर बंदिशींत कृष्ण असतो, पाऊस असतो, सासू-नणंदेचा धाक असतो. लक्षणगीतात राग स्वतःबद्दल बोलतो: माझा थाट हा, माझ्यात अमुक स्वर कोमल, तमुक वर्ज्य, माझा वादी हा, संवादी तो, मला या वेळी गा. आणि हे सगळं त्याच रागाच्या सुरांत. भूपाचे नियम भूपातच. रचनाकार जास्त हुशार असेल तर 'गंधार' हा शब्द येतो तेव्हा सूरही गंधारच लागेल अशी जागा करतो. म्हणजे शब्द जे सांगतो तेच गळा त्याच क्षणी करून दाखवतो.

नमुना हवा ना? या भागासाठी मी चार मराठी ओळी जुळवल्यात. अगदी कामचलाऊ आहेत, कवितेच्या तराजूत तोलू नका:

मध्यम नाही, निषाद नाही, पाच सुरांचे घर,
गंधारावर टेकून बसतो, धैवत देई उत्तर,
दिवे लागता रात्रीच्या या पहिल्या प्रहरी गावे,
कल्याणाचे गोत्र आपुले भूपाने सांगावे.

यात काय काय आलं बघा. म आणि नी वर्ज्य. पाचच स्वर, म्हणजे जाती औडव. वादी ग, संवादी ध. वेळ रात्रीचा पहिला प्रहर. थाट कल्याण. वहीत लिहिलं तर अर्धं पान जाईल, आणि वही हरवते. गाणं हरवत नाही. तुम्हाला शाळेतल्या भूगोलाच्या वहीतलं आज काय आठवतं? आणि त्याच वयात ऐकलेल्या जाहिरातीची जिंगल? तेच तत्त्व.

खरी लक्षणगीतं मात्र बहुतेक ब्रजभाषेत किंवा हिंदीत आहेत. ज्या माणसानं ती सर्वांत जास्त रुजवली तो मुंबईचा मराठी माणूस होता आणि त्याचे मोठे ग्रंथ मराठीत आहेत. पण बंदिशीची भाषा ब्रज, हा रिवाज त्यानं मोडला नाही.

चित्र सुंदर, पण रिषभ कुठला?

त्या माणसाकडे जायच्या आधी थोडं मागे जाऊ या. रागाचं वर्णन पद्यात करणं ही काही त्याची कल्पना नव्हे. संस्कृत ग्रंथांत ते शतकानुशतकं चालत आलंय. त्यातला सर्वांत मोठा ग्रंथ तर आपल्याच मातीत लिहिला गेला: शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर', तेराव्या शतकात, देवगिरीला. म्हणजे आजच्या दौलताबादला. शार्ङ्गदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचा मोठा अधिकारी होता. घराणं काश्मिरातून आलेलं, पोटापाण्याला आकडेमोड आणि डोक्यात संगीत. हे कॉम्बिनेशन लक्षात ठेवा, पुढे एक वकीलसाहेब येणार आहेत.

पुढच्या काळात रागांची 'ध्यानं' लोकप्रिय झाली. ध्यान म्हणजे रागाचं शब्दचित्र. भैरव म्हणजे जटाधारी शिव. तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली तरुणी, तिच्या सुरांनी खेचली गेलेली हरणं भोवती. रागमाला चित्रं याच कल्पनांवर काढली गेली. संग्रहालयात बघितली असतील, नसतील तर आत्ता गुगल करा, फार देखणी आहेत.

पण शिकणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. हरणं आली, वीणा आली, बाईचं लावण्य आलं, आणि रिषभ कोमल घ्यायचा की शुद्ध ते कुठंच नाही! ज्याला राग येतो त्याला ध्यान रंग देतं. ज्याला येत नाही त्याच्या हातात फक्त चित्र.

त्यात आणखी एक गोची. मधल्या काळात स्वर बदलले आणि नावं तीच राहिली. कर्नाटक संगीतातली आजची तोडी ऐकलीत तर तुम्ही म्हणाल, अरे, ही तर आपली भैरवी! खरंच, त्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आपल्या तोडीत मध्यम तीव्र झालाय, निषाद शुद्ध झालाय. पायाभूत शुद्ध सप्तकसुद्धा सरकलं. जुन्या ग्रंथांतलं शुद्ध सप्तक आजच्या काफीजवळचं होतं, आणि पुढे उत्तरेत बिलावल शुद्ध मानलं गेलं. म्हणजे जुना श्लोक प्रामाणिकपणे पाठ करून गायला बसलात तर निघेल भलतंच. ग्रंथ एकीकडे, गळा दुसरीकडे.

जुन्या शास्त्रात यासाठी दोन नेमके शब्द आहेत: लक्षण आणि लक्ष्य. लक्षण म्हणजे शास्त्रात लिहिलेले नियम. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायलं जातं ते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या दोघांची फारकत झाली होती. पंडितांकडे लक्षण होतं, ते गात नव्हते. उस्तादांकडे लक्ष्य होतं, आणि ते कशासाठी म्हणून समजावून सांगतील?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाहीये. उस्ताद विद्या लपवायचे, कंजूष होते, असं आपण पटकन म्हणतो. पण बंदिश ही त्यांची जमीनजुमला होती. तबल्याच्या परंपरेत तर गती हुंड्यात दिल्याच्या गोष्टी सांगतात. दरबार आज आहे, उद्या नाही. पोराला ठेवायला चिजांची पोतडी एवढीच इस्टेट. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गायकाच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. आज आपल्याला हळहळ वाटते. त्या काळात, त्या जागी बसून बघितलं तर त्यात एक हिशेब दिसतो.

वाळकेश्वरचे वकीलसाहेब

विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. आधी सतार शिकले, मग गायन उत्तेजक मंडळीत जायला लागले. पारशी मंडळींनी चालवलेली ही मुंबईतली संस्था, तिथं मोठमोठे गवई येऊन शिकवत. रावजीबुवा बेलबागकरांकडून भातखंडे ध्रुपदं शिकले. १८८७ साली वकिलीची परीक्षा पास झाले, काही काळ कराचीलाही वकिली केली. पुढे पत्नी गेली, मग एकुलती एक मुलगीही गेली. त्यानंतर हा माणूस जो संगीतात शिरला तो बाहेर आलाच नाही. वकिली सुटली, पण वकिली डोकं सुटलं नाही. साक्षीदार गाठायचा, उलटतपासणी घ्यायची, जबाब लिहून घ्यायचा. या वेळी साक्षीदार होते देशभरातले गवई आणि पंडित.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. मद्रास, तंजावर, मदुरा असं करत एट्टयापुरम नावाच्या छोट्या संस्थानात पोचले. (तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांचं हे जन्मगाव.) तिथं सुब्बराम दीक्षितर होते, थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले. त्यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापून आला होता, तेलुगू लिपीत, स्वरलिपीसकट. त्यात बहात्तर मेळांची व्यवस्था होती आणि प्रत्येक मेळाचं लक्षणगीतही होतं. ही गीतं सतराव्या शतकातल्या व्यंकटमखींच्या नावावर चालत आलेली. म्हणजे दक्षिणेत राग स्वतःची ओळख गाऊन सांगत होता, आणि तेही शिस्तीनं, एकामागून एक.

दक्षिणेतला हा ग्रंथांचा साठा आपल्याला फार परका नाही. तंजावरला मराठी राजे होते, आणि त्यातल्या तुळजाराजांनी अठराव्या शतकात 'संगीत सारामृत' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. भातखंडे अशा हस्तलिखितांच्या मागे अक्षरशः वेड्यासारखे लागले. नकला करून आणल्या, पुढे छापल्या.

परत आल्यावर त्यांनी उत्तरेच्या रागांची मांडणी केली. बहात्तरची गरज नव्हती, दहा थाटांत भागवलं: कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. तुम्ही क्लासमध्ये शिकलात ते हेच.

ही मांडणी लोकांपुढे आणताना त्यांनी केलेली युक्ती मला भारी आवडते. १९१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' नावाचा संस्कृत ग्रंथ आला. लेखक: चतुरपंडित. नावातच 'लक्ष्य' आहे बघा, म्हणजे आत्ता गायलं जातं त्या संगीताचं शास्त्र. मग 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ यायला लागला, चार भागांत, शेवटचा १९३२ साली. त्यात गुरू आणि शिष्य गप्पा मारतात, शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो आणि मध्येच आदरानं चतुरपंडिताचा दाखला देतो. मराठी ग्रंथाचा लेखक कोण? विष्णुशर्मा. आणि चतुरपंडित? दोन्ही भातखंडेच! स्वतःच श्लोक लिहायचे, स्वतःच त्यावर भाष्य करायचं. संस्कृत असल्याशिवाय शास्त्र मानणार नाहीत, आणि मराठी असल्याशिवाय कोणी वाचणार नाही. वकिलानं दोन्ही बाजू सांभाळल्या.

पण खरी पोचणारी गोष्ट तिसरी होती. संस्कृत ग्रंथ पंडितांसाठी, मराठी ग्रंथ वाचकांसाठी. ज्याला नुसतं गायचंय त्याच्यासाठी काय? त्याच्यासाठी लक्षणगीतं. भातखंड्यांनी एकेका रागाचं लक्षणगीत बांधलं आणि त्यात 'चतुर' ही मुद्रा घातली. त्यांचे संग्रह छापले. नंतर 'क्रमिक पुस्तक मालिका' आली, सहा भागांची, शेकडो पारंपरिक बंदिशी स्वरलिपीत. त्यातही सरगमगीतं आणि लक्षणगीतं पेरली. स्वरलिपी अगदी सोपी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. आजही तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या बंदिशींचे फोटो एकमेकांना पाठवता, त्यातल्या बऱ्याच याच लिपीत असतात.

याचा अर्थ काय झाला? तोवर एखाद्या साध्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला 'या रागात रिषभ का वर्ज्य?' असं विचारायचं असेल तर आधी गुरू मिळवायचा, मग त्याची मर्जी, मग त्याच्या मनात आलं तर उत्तर. आता उत्तर काही आण्यांच्या पुस्तकात होतं, आणि ते गाऊन पाठ करता येत होतं. 'का' विचारायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

आता भांडण

ज्यांच्याकडून भातखंडे शिकले ते बरेचसे मुसलमान उस्ताद होते. जयपूरचे मोहम्मद अली खाँ कोठीवाल आणि त्यांचे मुलगे यांच्याकडून त्यांना बंदिशींचा खजिना मिळाला, फोनोग्राफवर ध्वनिमुद्रणंही झाली. रामपूरला नवाब हामिद अली खाँ आणि तानसेनाच्या परंपरेतले वझीर खाँ यांच्याशी गुरुशिष्याचं नातं जोडलं. आणि याच भातखंड्यांच्या लिखाणात उस्तादांना शास्त्र कळत नाही, हा सूर वारंवार येतो. इतिहासकार जानकी बाखले यांनी २००५ साली इंग्रजीत आलेल्या 'टू मेन अँड म्युझिक' या पुस्तकात या बाजूची कडक तपासणी केलीय. मला त्यांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. ज्याच्या ओसरीवर बसून चिजा लिहून घेतल्या त्यालाच 'तुला व्याकरण येत नाही' म्हणायचं, यात एक अहंकार आहेच. भाषा बोलणाऱ्याला व्याकरणाचं पुस्तक येत नसेल, पण व्याकरण त्याच्या तोंडात असतं. ते आधी तिथं होतं म्हणून तर पुस्तकात आलं.

तरी दुसरी बाजूही आहे. भातखंड्यांनी घराण्यांतले मतभेद नोंदवले. 'काही गुणी असं गातात, काही तसं' ही वाक्यं त्यांच्या लिखाणात भरपूर सापडतील. ग्रंथात त्यांनी शंकेला जागा ठेवली होती.

गडबड होते ती लक्षणगीतात. चार ओळींत मतभेद कसा बसवणार? पुस्तकातलं 'बहुतेक' गाण्यात येईपर्यंत 'च' होतं. आसावरीचंच उदाहरण घ्या. कोणी शुद्ध रिषभानं गातं, ध्रुपदाच्या परंपरेत कोमल रिषभ घेतात. थाट ठरवताना शुद्ध रिषभ घेतला, की कोमल रिषभाची आसावरी आपोआप 'दुसरी' ठरते. ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तीच गायली जातेय, त्याला काय वाटेल? एखाद्या परीक्षकानं त्याच्या नातवाला 'चूक' म्हणावं?

आता सुरुवातीच्या काळ्या पट्ट्यांकडे परत येऊ, कारण सगळा पेच तिथं उघडा पडतो. भूपाचा थाट कल्याण. कल्याण थाटाची खूण काय, तर तीव्र मध्यम. आणि भूपात मध्यमच नाही! देसकार बिलावल थाटाचा, बिलावलची खूण शुद्ध मध्यम, आणि देसकारातही मध्यम नाही. मग थाट ठरवला कशावरून? स्वरांवरून तर शक्यच नाही. तो ठरवला चालीवरून, म्हणजे राग कुठं थांबतो, कुठून वळतो, कोणाच्या संगतीत वावरतो यावरून. भूप खालच्या अंगात रमतो, गंधारावर येऊन टेकतो, पंचमावरून गंधारावर घसरत उतरतो. देसकार वर चढून धैवतावर ठाण मांडतो, रिषभाला जेमतेम शिवतो. भातखंड्यांनी यालाच वेळेचं सूत्र जोडलं: वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर राग साधारण दुपार ते मध्यरात्र या वेळेतला, वरच्या अर्ध्यात असेल तर मध्यरात्र ते दुपार. भूपाचा वादी ग, म्हणून रात्रीचा पहिला प्रहर. देसकाराचा ध, म्हणून सकाळ. नियम किती सुटसुटीत आहे! अपवादही आहेत, पण नवशिक्याच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी पकडायला आलं.

पण 'वादी गंधार' हे दोन शब्द गायले म्हणून पंचमावरून गंधारावर कसं यायचं ते कळतं का? तिथं लक्षणगीताचे शब्द संपतात आणि चाल सुरू होते. चांगल्या लक्षणगीतात ती चाल सुरांत असते, शब्दांत नसते. म्हणून शब्द पाठ करून सूर कसेही लावणारा विद्यार्थी सगळे मार्क मिळवतो, आणि भूप म्हणून देसकार गातो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच, तेच सहा स्वर आणि तीन वेगळे स्वभाव. तिथं तर नुसत्या शब्दांवर विसंबणारा हमखास आपटतो.

'भाभी की चूडियाँ' या १९६१ च्या चित्रपटातलं सुधीर फडके यांचं लताबाईंनी गायलेलं सकाळचं गाणं भूप की देसकार, यावर जाणकार अजून वाद घालतात. यूट्यूबवर 'या रागावरची गाणी' अशा याद्या असतात ना, त्यात ते दोन्हीकडे सापडेल. मला विचाराल तर या फिल्मी याद्या म्हणजे आजची लक्षणगीतंच. गाण्यातून राग लक्षात ठेवायचा. फक्त इथं राग स्वतः काही सांगत नाही, यादी करणारा सांगतो, आणि तो चुकू शकतो.

शाळेतून पुढे

लक्षणगीत पसरलं ते शाळांमुळे. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे भातखंडे होते. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघालं आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज. हे कॉलेज आज भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. तिथले प्रिन्सिपॉल श्रीकृष्ण रातंजनकर, मुंबईचेच, भातखंड्यांचे पट्टशिष्य. त्यांनीही लक्षणगीतं बांधली. मुद्रा 'सुजन'. रातंजनकर स्वतः अव्वल गवई होते, त्यामुळे त्यांच्या रचनांत रागाची चाल नियमांच्या यादीखाली दबत नाही. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी ही त्यांची शिष्यमंडळी. यांची नावं वाचल्यावर 'कॉलेजात शिकून कोणी गवई होतो का?' हा जुना टोमणा जरा जपून मारावा लागतो.

इकडे दुसरे विष्णू, विष्णु दिगंबर पलुसकर, यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. त्यांची स्वरलिपी वेगळी, वळण वेगळं. भक्ती, शिस्त आणि संगीताला समाजात मान हा त्यांचा ध्यास. दोघांचं फारसं पटलं नाही. पण पुढच्या पिढ्यांत दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले, आणि पलुसकर परंपरेच्या परीक्षा देणारी मुलंही भातखंड्यांचे दहा थाट घोकायला लागली.

भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ ला गेले. त्यांच्या व्याकरणावरचा सर्वांत तेजस्वी आक्षेप पुढे मराठीतूनच आला, आणि तो गाणाऱ्या बाईंनी घेतला. किशोरीताई आमोणकर आयुष्यभर सांगत राहिल्या की राग म्हणजे नियमांची गोळाबेरीज नाही, राग म्हणजे भाव, आणि स्वर हीच त्याची भाषा. 'स्वरार्थरमणी' या मराठी पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडलंय. पुस्तक अवघड आहे, आधीच सांगतो. पण त्यांचा भूप अवघड नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर तो लावा, आणि वादी-संवादी बाजूला ठेवून फक्त गंधाराकडे लक्ष द्या. त्या किती वाटांनी गंधारावर येतात ते बोटांवर मोजा. उद्या सकाळी कोणाचाही देसकार लावा आणि तेच धैवताबाबत करा. मग कीबोर्ड अ‍ॅप उघडून त्याच पाच काळ्या पट्ट्यांवर आधी भूप वाजवून बघा, मग देसकार.

पुढच्या भागात बंदिशीतल्या मुद्रा: सदारंग, अदारंग, प्रेमपिया ही नावं घेऊन लोक गाण्यात का लपायचे? भेटूच.